नळाची ज्योत

ओटावा
गुरुवार, ८ जानेवारी २०२६, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे

आदरणीय लताआत्या,
सविनय जयभीम.

आत्ता गुरुदत्तकाका झोपले आहेत आणि मी स्वयंपाकघरात बसून त्यांच्या उद्याच्या गोळ्या डबीत भरतो आहे. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही म्हणून तुम्ही सगळं ईमेलने लिहून कळवायला सांगितलंत, ते मला बरंच वाटलं. बोलताना मी घाबरतो. लिहिताना खोडता येतं.

शोभाकाकू जाऊन आता दोन महिने होतील. काकांचं खाणं ठीक आहे. साखर ठीक आहे. पण हे घर आपलं आहे असं त्यांना वाटत नाही. दुपार उतरली की कोट चढवून दाराशी उभे राहतात. काल विचारलं, "काका, कुठे निघालात?" तर म्हणाले, "शहरात. वेस बंद होईल." मी म्हटलं, आपण शहरातच आहोत, हे ओटावा. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग भिंत कुठे गेली?"

ते काही नावं पुन्हा पुन्हा घेतात. मी ऐकली तशी लिहून घेतली आणि शोधली. गोशा गाला. गिझ गालासी. ही अझरबैजानमधल्या बाकू शहरातली ठिकाणं निघाली. काका तिथे कधी होते का? मला काकांना सांभाळायच्या ह्या कामाला लावणाऱ्या शेजारच्या दिलीपकाकांना विचारलं, तर ते म्हणाले, "मी गुरुदत्तला चाळीस वर्षं ओळखतो, तो सरकारी कचेरी आणि मराठी मंडळ सोडून कुठे गेला नाही."

दुसरं, काकूंच्या फोटोपुढच्या दिव्याचे सेल बदलले. आमच्या घरी बाबासाहेबांपुढे आणि बुद्धांपुढे मेणबत्ती लावतात, त्यामुळे ह्या दिव्याचे नियम मला ठाऊक नाहीत. तो आणखी किती दिवस ठेवायचा? काकांना तो खरा वाटतो. मला त्याचं फार दडपण येतं.

आपला,
आयुष


कोक्विटलाम
९ जानेवारी २०२६

चि. आयुष,
अनेक आशीर्वाद.

तुझं शुद्धलेखन पाहून मला रडू यायचं बाकी होतं. आमच्या मंडळाच्या अंकाचे संपादकसुद्धा इतकं नीट लिहीत नाहीत.

दिलीपला काय माहीत! दादा बाकूला तीन वर्षं होता. १९६७ साली, तेवीस वर्षांचा असताना, त्याच्या तेल कंपनीने त्याला तिकडे शिकायला पाठवलं. तेव्हा तो सोव्हिएत मुलूख. मी नाशिकला शाळेत होते. त्याचं पत्र आलं की मी मोठ्याने वाचायचे, आई चूल सोडून बाहेर यायची. कॅनडा हा नंतरचा भाग. पहिला परदेश त्याचा तो.

तेव्हा ऐक. जुनं बाकू म्हणजे तटाच्या आतलं गाव. त्याला तिकडचे लोक 'आतलं शहर' म्हणतात. तटाला एक जोडवेस आहे, शेजारी शेजारी दोन कमानी, तीच तुझी गोशा गाला. आत गल्ल्या इतक्या अरुंद की वरचे लाकडी सज्जे एकमेकांना टेकतात. चढावर शिरवानच्या शाहांचा राजवाडा, सगळा पिवळट दगडाचा. खाली समुद्राच्या बाजूला गिझ गालासी, म्हणजे कुमारिकेचा बुरूज. तो कुणी, कधी आणि कशाला बांधला यावर तिथले विद्वान अजून भांडतात. पूर्वी लाटा त्याच्या पायथ्याशी यायच्या, पुढे समुद्र मागे हटला. एका जुन्या मशिदीच्या मनोऱ्याला 'मोडका बुरूज' म्हणतात, कारण रशियनांच्या जहाजांनी त्याच्यावर तोफा डागल्या होत्या. आणि बुरुजाजवळ मुलतानी व्यापाऱ्यांची सराई. आपल्याकडचे लोक मीठमसाला, कापड घेऊन शेकडो वर्षं तिथे उतरत होते. दादाने लिहिलं होतं, "इथे माझ्याआधी पुष्कळ हिंदू येऊन वाऱ्याला शिव्या देऊन गेलेत." तो वारा उत्तरेचा. खाज्री म्हणतात.

त्याला ते शहर दे. तो तिथेच आहे म्हणाला तर नाही म्हणू नकोस. तुझं काय जातं?

दिव्याचं: वहिनी गेली त्या जागी रीतीप्रमाणे पिठावर दिवा ठेवला. तो विझू द्यायचा नसतो. तिसऱ्या दिवशी धुराचा अलार्म दोनदा वाजला आणि अग्निशामक दलाचे लोक बूट घालून आत आले. तेराव्याला मी दिवा उचलायला गेले, तर दादाने माझं मनगट धरलं. "विझवू नको, लता." एवढंच. मग तो झोपल्यावर मी डॉलरच्या दुकानातला सेलवाला दिवा आणून ठेवला. मोतीबिंदूमुळे त्याला फरक कळत नाही. तुला नियम विचारायचे असतील तर नियम एकच, त्याला सांगू नकोस.

शहराबाहेर सुराखानीला एक देऊळ आहे. त्याचं नाव मात्र काढू नकोस. त्या नावाने तो चिडतो. बाकी शहर तुझं.

लताआत्या


ओटावा
शुक्रवार, १६ जानेवारी २०२६, सकाळचे अकरा

आदरणीय लताआत्या,
सविनय जयभीम.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. मी आतल्या शहराचा नकाशा छापून आणला आणि घरावर बसवला. पुढचं दार आणि त्याच्या आतलं जाळीचं दार मिळून जोडवेस. बेसमेंटचा जिना म्हणजे कुमारिकेचा बुरूज. स्वयंपाकघर म्हणजे मुलतानी सराई. वरची त्यांची खोली राजवाडा. बाथरूम म्हणजे हमाम, आणि हे सर्वांत चांगलं झालं. आधी अंघोळीला हाक मारली की काका मला "चालता हो" म्हणायचे. आता टॉवेल खांद्यावर टाकून स्वतः येतात. काल साबण लावताना म्हणाले, "तू इथे नवीन दिसतोस. आधीचा माणूस जोरात चोळायचा."

मी म्हटलं, "तो रजेवर आहे."

"बरं झालं. माजला होता."

उत्तरेचा वारा खिडकीवर आपटला की "खाज्री, खाज्री" म्हणत सराईत येऊन बसतात. मी चहाबरोबर मुरंबा देतो. तिकडे चहासोबत असं काही गोड घेतात असं वाचलं. संध्याकाळी वेशी बंद झाल्या असं मी जाहीर करतो. मग ते कोट काढतात. आठवडाभर एकदाही दार ओढलेलं नाही.

एक कळत नाही. रोज दुपारी विचारतात, "गाडी किती वाजता?" कुठली गाडी, ते सांगत नाहीत.

आणखी एक गोष्ट मागच्या पत्रात लिहिली नव्हती. लिहिली असती तर तुम्ही मला काढून टाकलं असतं, अशी भीती वाटली. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी कपडे वाळवणीत टाकून वर आलो, तर काकांनी गॅसची शेगडी पूर्ण मोठी केली होती आणि काकूंचं पितळी निरांजन हातात धरून तिच्यावर वाकले होते. स्वेटरची बाही ज्वाळेपासून वीतभर लांब होती. त्याच दिवशी मी शेगडीची बटणं काढून माझ्या खिशात ठेवली. तेव्हापासून ती माझ्याच खिशात असतात. हे आधी सांगायला हवं होतं.

आपला,
आयुष


कोक्विटलाम
१७ जानेवारी २०२६

चि. आयुष,

काल रात्री मी झोपले नाही. हमामचं वाचून हसत होते आणि पुढच्याच परिच्छेदाला उठून माझी स्वतःची शेगडी बंद आहे का बघून आले. लाकडी घर आहे ते! तू सांगितलंस हे बरं, उशिरा सांगितलंस हे वाईट. दोन्ही लक्षात ठेव.

आज मी ओटावाच्या काळजी विभागातल्या बाईंना लिहिलं. दादाचं नाव वृद्धाश्रमाच्या तातडीच्या यादीवर घातलं आहे. जागा निघाली की ते कळवतात आणि चोवीस तासांत उत्तर मागतात. तिकडून परतल्यावर माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं, मला विमानात बसायला डॉक्टर अजून परवानगी देत नाहीत. त्याला मूलबाळ नाही. वहिनी होती तोवर प्रश्न नव्हता. आता मी इथे पश्चिम किनाऱ्यावर आणि तो तिथे, मधे अख्खा देश.

गाडीचं मनावर घेऊ नकोस. नाशिकहून पुण्याला कॉलेजला जायचा, त्या गाडीचं डोक्यात असेल. "आज गाडी नाही, उद्या आहे" असं सांग. उद्या तो विसरेल.

लताआत्या


ओटावा
सोमवार, २६ जानेवारी २०२६, दुपारचे दोन वाजून वीस मिनिटे

आदरणीय लताआत्या,
सविनय जयभीम.

ही विनंती आहे. काकांना पाठवू नका.

मी रोज "गाडी उद्या आहे" असं सांगतो. ते मान डोलावतात. पण विसरत नाहीत. रोज उद्याची तयारी करतात. कोटाच्या खिशात निरांजन, रुमालात बांधलेली वात, आणि सुट्टी नाणी. मी ते काढून देवघरात ठेवतो, ते पुन्हा खिशात येतं. एवढं सोडलं तर ते शांत आहेत. त्यांना आता घरातली प्रत्येक वाट माहीत आहे. आश्रमात नेलं तर वेस कुठे, हमाम कुठे, तिथे कोण सांगणार? ते भिंत शोधत राहतील.

माझ्याबद्दल तुम्हाला दिलीपकाकांनी थोडं सांगितलं असेल. आमच्या किचनर शहरात कॉलेज दोन सत्रं करून सोडलं. वृद्धसेवेचा कोर्सही अर्धाच झाला, प्रॅक्टिकलच्या परीक्षेत माझे हात इतके थरथरले की बाईंनी थांबवलं. माझे वडील वाल्मिक तिथे सॉफ्टवेअरमध्ये आहेत. गावातून पहिले इंजिनियर झालेले. ते म्हणतात, "बाबासाहेबांनी शिका म्हटलं, अर्धं शिका म्हटलं नाही." त्यांचं बरोबर आहे. पण हे शहर मी पूर्ण बसवलं आहे. एक गल्ली राहिलेली नाही. मला थोडी मुदत द्या.

काल काका म्हणाले, "बुरुजावर जाऊन ये रे, समुद्र किती मागे गेलाय बघ." मी बेसमेंटमध्ये जाऊन आलो आणि सांगितलं, बराच मागे गेलाय. ते म्हणाले, "जायचाच. सगळंच आटतं." मग दिव्याकडे बघत बसले.

आपला,
आयुष


कोक्विटलाम
२७ जानेवारी २०२६

चि. आयुष,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मी कुणाची दुष्मन नाही. पण माझ्या बाजूने बघ. तू एकटा, चोवीस तास. तू कधी झोपतोस? तुला ताप आला तर? तू किराणा आणायला गेलास तर?

यादीवरून नाव काढणार नाही. जागा आलीच तर हो म्हणेन. तोवर आहे तसं चालू दे. आणि ते निरांजन उचलून वरच्या फळीवर ठेव. पितळेच्या वस्तूचं काय एवढं!

लताआत्या


ओटावा
सोमवार, २ फेब्रुवारी २०२६, संध्याकाळचे पाच वाजून पस्तीस मिनिटे

लताआत्या,

काका घरात नाहीत. पोलिसांनी मला घरीच थांबायला सांगितलं आहे, ते परत आले तर कुणीतरी हवं म्हणून. मला बसता येत नाही. म्हणून लिहितो आहे.

दुपारी जेवण झाल्यावर काका झोपले. मग पाहिलं तर दिवा मंद झालेला. डबीतले सेल संपले होते. ते उठायच्या आत आणू, असा विचार केला आणि कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. जोडवेशीची दोन्ही दारं ओढून घेतली, आतली खिटी बाहेरून लावता येत नाही. दुकानात माझ्यापुढे एक बाई लॉटरीची तिकिटं तपासत होती. तिला मी घाई करा म्हणू शकलो नाही. परत आलो तेव्हा दिवा पूर्ण विझलेला होता आणि दारं उघडी. कोट नाही. निरांजन वरच्या फळीवर ठेवलं होतं, तेही नाही. खुर्ची फळीखाली ओढलेली होती.

बाहेर उणे बावीस आहे. वारा वेगळा. त्यांच्या पायात घरातले बूट आहेत, हातमोजे इथेच पडले आहेत. मी पूर्ण ब्लॉक धावत बघितला. बर्फ नुकताच साफ केलेला, पावलं कुठेच नाहीत. पोलीस म्हणतात, अशी माणसं सहसा जवळपासच सापडतात, ते शेजारच्यांची परसं आणि गॅरेजं बघत आहेत. पण काका जवळपास नाहीत. ते भटकत नाहीत, आत्या, ते कुठेतरी जात असतात. मी महिनाभर त्यांना बघतोय.

ती गाडी कुठली? सुराखानीचं काय आहे? तुम्ही सांगितलं नाहीत. आता सांगा. लवकर सांगा. हात जोडतो.

आयुष


कोक्विटलाम
२ फेब्रुवारी, इथे तीन वाजायला पाच कमी, तुझ्याकडे सहाला

आयुष,

गाडी पुण्याची नव्हती. मी गाढव आहे. बाकूहून सुराखानीला विजेची गाडी जायची. तिकडची पहिली विजेची रेल्वे, वीसच्या दशकातली. दादा दर रविवारी तिने जायचा.

सुराखानीला आतेशगाह आहे. अग्नीचं देऊळ. पंचकोनी आवार, भोवती बैराग्यांच्या खोल्या, मधे चार खांबांची छत्री आणि तिच्याखाली जमिनीतून आपोआप निघणाऱ्या गॅसची ज्योत. मुलतानकडच्या व्यापाऱ्यांनी खोल्या बांधल्या. दारांवर नागरी अक्षरात 'श्री गणेशाय नमः' कोरलेलं आहे. घरापासून इतक्या दूर आपली अक्षरं! दादाने आईला लिहिलं होतं की तिथे गेलं की देवघरात बसल्यासारखं वाटतं.

१९६९ साली ती ज्योत विझली. आजूबाजूच्या तेलविहिरींनी जमिनीखालचा गॅस ओढून घेतला. दादा त्याच विहिरींवर शिकत होता. 'आम्ही विझवली' असं त्याने लिहिलं. तो पोर होता, शिकाऊ होता, पण त्याने ते कायमचं स्वतःच्या नावावर लावून घेतलं. २०११ साली वहिनीला घेऊन मुद्दाम पुन्हा गेला. तर तिथे ज्योत होती, पण शहरातून पाइप टाकून आणलेल्या गॅसची. गाइडशी कडाडून भांडला म्हणे. "ही नळाची ज्योत आहे, लोकांना फसवता!" परत आल्यावर माझ्याशी त्यावर एक शब्द बोलला नाही. म्हणून तुला म्हटलं होतं, नाव काढू नकोस.

आणि मी त्याच्या घरात सेलचा दिवा ठेवला.

तो ज्योत आणायला गेलाय, आयुष. गाडीने. पण तिथे गाडी कुठली, ज्योत कुठली?

लता


ओटावा
२ फेब्रुवारी, संध्याकाळचे सहा वाजून चार मिनिटे

आत्या, आहे. दोन्ही आहे. आपल्या मागच्या रस्त्यावर ब्लेअर स्टेशन आहे, तिथून ओ-ट्रेन सुटते. विजेची. पार्लमेंटसमोर हौदाच्या पाण्यात गॅसची ज्योत जळते, उन्हाळ्यात दिलीपकाकांकडे आलो होतो तेव्हा मीच त्यांना आणि काकूंना तिथे नेलं होतं. पोलिसांना फोन केला, त्यांनी लाइनवर थांबवून ठेवलंय. दिलीपकाका घरात बसले आहेत. मी निघालो.


कोक्विटलाम
२ फेब्रुवारी, दुपारचे चार

पोहोचलास का? एक ओळ लिही.


कोक्विटलाम
२ फेब्रुवारी, साडेचार

आयुष, बरं असेल किंवा वाईट, लिही. मला फोन ऐकू येत नाही म्हणून मी हा पडदा हातात धरून बसले आहे. घर सोडून जाण्याचा आगाऊपणा केलास असं मी कधीच म्हणणार नाही. तू थरथरलास तरी चालेल. लिही.


ओटावा, हॉस्पिटल
बुधवार, ४ फेब्रुवारी २०२६, सकाळचे साडेनऊ

आदरणीय लताआत्या,
सविनय जयभीम.

दिलीपकाकांनी त्या दिवशी तुम्हाला 'सापडला, जिवंत आहे' एवढाच निरोप पाठवला, कारण मला टाइप करता येत नव्हतं. आता सगळं क्रमाने लिहितो. काका शेजारी झोपले आहेत.

गाडीत मी उभाच राहिलो. बसलो तर उशीर होईल असं उगाच वाटत होतं. पार्लमेंट स्टेशनवर उतरून धावलो. मैदानाचा मागचा भाग बांधकामाच्या कुंपणात आहे, पण ज्योत अलीकडे आहे. लांबून मला नुसता प्रकाश दिसला आणि त्याच्यापुढे एक लाल टिकली.

ती टोपी होती. काका हौदाच्या दगडी कठड्यावर बसले होते, डोक्यावर कुणाची तरी लाल लोकरी टोपी, हातात बायकांचे मोजे. एक मुलगी त्यांच्यापुढे वाऱ्याच्या बाजूला उभी होती. फ्रेंच बोलत होती. ते प्रार्थना करत आहेत असं तिला आधी वाटलं, मग त्यांचे बूट दिसले. तिने अँब्युलन्स बोलावली होती. मी तिला थँक्यू म्हटलं की नाही, आठवत नाही. अँब्युलन्स आली आणि ती गर्दीत गेली.

ज्योतीमुळे तिथलं पाणी गोठत नाही. दगडालाही थोडी ऊब असते. डॉक्टर म्हणाले, दुसरीकडे कुठे बसले असते तर इतका वेळ निघाला नसता.

मी खाली बसलो. म्हटलं, "काका."

"उशीर केलास," ते म्हणाले. ओठ निळे पडले होते, नीट हलत नव्हते. "गाडी वेळेवर होती."

"हो, काका. चुकलं."

"प्रेशर बघ. जोर नाही. ऑपरेटर झोपलाय का?"

निरांजन त्यांच्या मांडीवर होतं. वात पेटवायला हात लांब केला असावा, बाही भिजून काचेसारखी कडक झाली होती. मी त्यांचे हात माझ्या शर्टाच्या आत घेतले. आणि तुमचं पत्र डोक्यात होतं, आत्या. मला वाटलं, आता आणखी एक खोटं बोललो तर मी जगू शकणार नाही. मी म्हटलं, "काका, ही नळाची ज्योत आहे. पाइपची. आणि घरचा दिवा सेलचा होता. लताआत्यांनी ठेवला आणि मी सेल बदलत होतो."

ते माझ्याकडे मूर्खाकडे बघावं तसं बघत राहिले.

"मला शिकवतोस? मी गॅसवाला आहे. सेलचा दिवा कळत नाही मला? धूर नाही, वास नाही, काजळी नाही."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत."

"तिकडची पण नळाचीच होती. मी त्या गाइडला धुतला. आणि शोभा, शोभा काय म्हणाली माहीत आहे?"

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, नळाची तर नळाची. कुणीतरी बिल भरतंय ना? विझू देत नाहीत ना? मग पाया पडा आणि चला, मला भूक लागलीय."

ते हसले. म्हणजे हसण्याचा आवाज आला. मग चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "आज घरचा बंद होता रे. मी उठलो आणि बंद होता. मला वाटलं, सगळे गेले."

"मी सेल आणायला गेलो होतो, काका."

"मग दारावर लिहून जायचं! मला काय कळणार?"

एवढंच बोलणं झालं. मग अँब्युलन्स. गाडीत त्यांनी मला ओळखलं नाही, हमामवाला म्हणून हाक मारली.

उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं काळी पडली आहेत. राहतील की जातील ते आठवड्यात कळेल. छातीत कफ आहे. मी सेल आणायला गेलो नसतो तर, हे मी इथे लिहून खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि आता तसंच ठेवतो आहे.

आयुष


कोक्विटलाम
६ फेब्रुवारी २०२६

चि. आयुष,

तू सेल आणायला गेला नसतास तरी दिवा विझलाच असता. खोड ते वाक्य.

वहिनी असं म्हणाली होती हे मला पंधरा वर्षांत कुणी सांगितलं नाही. मी त्याच्या रागाचीच गोष्ट धरून बसले, कारण त्याने मला तेवढीच सांगितली. सेलचा दिवा मी लपवला आणि तो आपल्या दोघांची लबाडी सांभाळत राहिला. कोण कुणाची काळजी घेत होतं, मला कळेनासं झालं आहे.

आता वाईट. आज सकाळी आश्रमातून निरोप आला. जागा निघाली आहे. हॉस्पिटलमधून थेट तिथे. मी हो म्हणाले. मला माहीत आहे तू रागावशील. रागाव. पण पुढच्या वेळी ती मुलगी तिथे नसेल.

त्यांच्या नियमावलीत पहिलीच ओळ आहे, खोलीत ज्वाला चालणार नाही. मेणबत्ती, उदबत्ती, निरांजन काही नाही. मी त्यांना लिहून विचारलं, सेलवर चालणारा दिवा चालेल का. त्यांनी उत्तर दिलं, खुशाल.

लता


ओटावा
रविवार, १५ फेब्रुवारी २०२६, दुपारचे तीन वाजून पाच मिनिटे

आदरणीय लताआत्या,
सविनय जयभीम.

आत्ता मी आश्रमात, काकांच्या खोलीतल्या खुर्चीवर बसलो आहे. त्यांना इथे आणून चार दिवस झाले. करंगळीचं टोक काढावं लागलं. दुसरं बोट वाचलं.

मी रागावलो होतो. आता नाही. पहिले दोन दिवस काका सारखे उठून भिंतीला हात लावत होते आणि नर्सला हिंदीत विचारत होते, "किधर है?" ती फिलिपिन्सची आहे, तिला हिंदी येत नाही. तिने त्यांना ज्यूस आणून दिला. मला तिथेच रडू आलं. मग मी नकाशा काढला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. लिफ्टची दोन दारं म्हणजे जोडवेस. जेवणाची खोली सराई. टोकाच्या खिडकीतून नदी दिसते, तो बुरूज. राजवाडा अजून बसलेला नाही, खोली फार लहान आहे. एका भिंतीवर काकूंचा फोटो आणि खाली दिवा. तो शहराबाहेर आहे, असं काकांनीच ठरवलं. तिकडे जायला गाडी लागते. मी त्यांना चाकांच्या खुर्चीवर बसवतो, ब्रेक सोडतो आणि पलंगापासून फोटोपर्यंत नेतो.

काल पोहोचल्यावर म्हणाले, "आज जोर आहे."

उद्या मी किचनरला जाऊन बाबांना भेटणार आहे. उरलेला कोर्स पूर्ण करायचं मनात आहे. दर रविवारी बसने येईन. खोलीच्या दारावर मी काकांसाठी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं आहे, 'आयुष सेल आणायला गेला आहे.'

घराचा हिशोब बंद करतो.

आलेले: तुमच्याकडून फेब्रुवारीसाठी चारशे डॉलर.
खर्च: किराणा आणि औषधं, एकशे बासष्ट. अँब्युलन्सचं बिल, पंचेचाळीस. हॉस्पिटलला येण्याजाण्याची तिकिटं, एकोणचाळीस. काकांचे नवे बूट, एकशे दहा.
ज्योतीच्या हौदात काकांनी टाकलेली नाणी: मोजता आली नाहीत.
शिल्लक: चव्वेचाळीस डॉलर, दिलीपकाकांकडे पाकिटात दिले आहेत. शेगडीची बटणंही त्याच पाकिटात आहेत.
देणं: एक लाल टोपी आणि मोजे. पत्ता माहीत नाही. धुऊन ठेवले आहेत.
दिव्याचे सेल: हे तुमच्या हिशोबात धरू नका. हे बिल मी भरतो आहे.

आपला,
आयुष